कारागिराचा हात आणि ग्राहकाचा दावा

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची रोजीरोटी हातांच्या कारागिरीवर चालते. कोणी शिंपी आहे, कोणी गॅरेज चालवतो, कोणी रंगकाम, सुतारकाम किंवा नळजोडणी करतो, तर कोणी फ्रीज, एसी आणि मोबाईल दुरुस्त करतो. या सर्व व्यवसायांत वस्तू दुसऱ्याची असते आणि हात आपला असतो. काम चालू असताना ती वस्तू आपल्याकडे अमानत असते, आणि अमानतीचा हिशेब अल्लाहपुढे द्यावयाचा आहे, याची जाणीव ईमानधारक कारागिराला असतेच.

परंतु या व्यवसायांची दुसरी बाजूही आहे. गंजून कुजलेल्या जुन्या जीआय पाइपला पाना लावताच तो तुटतो आणि घरमालक म्हणतो, "पाइप तुम्ही फोडलात." भिंतीत मुरलेली ओल दोन महिन्यांनी रंगाचे पोपडे बाहेर काढते आणि दोष रंगाऱ्याच्या माथी येतो. पाण्यात पडलेला मोबाईल दुकानात येतो, पाण्याची गोष्ट सांगितलीच जात नाही, आणि तो उघडल्यावर बंद पडला की नव्या मोबाईलची किंमत मागितली जाते. गाडीवरचा जुना ओरखडा गॅरेजमधून बाहेर पडताना नवा होतो. अशा वेळी कारागिरापुढे बहुधा दोनच मार्ग उरतात. भांडण करून गिऱ्हाईक आणि नाव दोन्ही गमवावयाचे, किंवा न केलेल्या नुकसानीची भरपाई स्वतःच्या मजुरीतून करावयाची. ज्याच्या घरात त्या दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते, त्याच्यासाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नसतो.

म्हणूनच पुष्कळसे कारागीर विचारतात की, अन्यायी दाव्यापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी आधीच पुरावा गोळा करून ठेवणे हे दीनच्या दृष्टीने योग्य आहे काय? ग्राहकाच्या देखत फोटो काढणे, लिहून घेणे, सही मागणे हा त्याच्याविषयी वाईट गुमान बाळगण्याचा प्रकार तर नव्हे? आणि रक्षण योग्य असेल, तर त्याची मर्यादा कोणती? या प्रश्नांचा विचार आपण इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात करू या.

फिकहने हा प्रश्न केव्हाच हाताळला आहे

कारागिराच्या हातून वस्तूचे नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न इस्लामी विधिशास्त्राच्या अगदी आरंभीच्या काळात विचारला गेला. मजुरीवर काम करणाऱ्याचे फकीहांनी दोन प्रकार केले. एक 'अजीर खास', म्हणजे जो ठराविक काळासाठी एकाच मालकाकडे चाकरी करतो. दुसरा 'अजीर मुश्तरक', म्हणजे जो आपले दुकान मांडून येईल त्याचे काम घेतो. शिंपी, रंगारी, धोबी हे दुसऱ्या प्रकारात येतात. खरा मतभेद याच दुसऱ्या प्रकाराविषयी झाला.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत असे की, अशा कारागिराच्या ताब्यातील वस्तू अमानत असते. म्हणून त्याच्या कृतीशिवाय किंवा हलगर्जीपणाशिवाय ती नष्ट झाली, उदाहरणार्थ चोरीला गेली, तर त्याच्यावर भरपाई नाही. त्यांचे दोन थोर शिष्य इमाम अबू युसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र सांगितले की, त्याच्यावर भरपाई आहे. मोठी आग किंवा शत्रूचा हल्ला अशी टाळता न येणारी आपत्ती असेल, तरच तो मोकळा होतो. पुढच्या काळात अनेक हनफी विद्वानांनी लोकांचे बदललेले वर्तन पाहून शिष्यांच्या मताला पसंती दिली. मात्र जे नुकसान कारागिराच्या स्वतःच्या कामातून होते, जसे की बडवताना धोब्याच्या हातून कापड फाटणे किंवा हमालाने बांधलेला दोर तुटून माल पडणे, त्याची जबाबदारी या तिघांनीही कारागिरावरच ठेवली.

आदरणीय अली (रजि.) यांच्याविषयी फिकहच्या ग्रंथांत अशी नोंद येते की, ते कारागिरांना भरपाईस जबाबदार धरीत आणि याखेरीज लोकांचे व्यवहार नीट राहणार नाहीत, असे कारण सांगत. कूफ्याचे प्रसिद्ध काझी शुरैह (रह.) यांचा एक निवाडाही सांगितला जातो. एका धोब्याचे घर जळाले आणि त्यात ग्राहकाचे कापडही गेले. काझींनी त्याला भरपाई द्यावयास सांगितले. माझेच घर जळाले असताना मलाच जबाबदार धरता काय, असे त्याने विचारले. त्यावर काझींनी उलट विचारले की, त्या ग्राहकाचे घर जळाले असते तर तू आपली मजुरी सोडून दिली असतीस काय? इतर विद्वानांनी हा निवाडा जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. परंतु ज्याला नफ्याचा हक्क हवा त्याने जोखमीपासून पूर्ण पळ काढू नये, हा त्यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे.

मालिकी विद्वानांनी यात आणखी एक बारकावा दाखवला. कारागीर वस्तू आपल्या दुकानात घेऊन जातो आणि मालकाच्या नजरेआड काम करतो, तेव्हा त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. मालकाच्या घरी, त्याच्या देखत काम करणाऱ्याचे तसे नाही. हा भेद आजच्या कारागिरालाही उपयोगाचा आहे. ग्राहकाच्या नजरेसमोर जे काम होते त्यात संशयाला जागा कमी असते. नजरेआड जे होते त्यात ती वाढते, आणि म्हणून तेथे पुराव्याची गरजही वाढते.

या चर्चेत कोणत्याही मोठ्या विद्वानाने ग्राहकाचा शब्द म्हणजे अंतिम निकाल, असे म्हटले नाही. तसेच कारागीर कधीच जबाबदार नाही, असेही कोणी म्हटले नाही. नुकसान कोणाच्या कृतीने झाले, ते टाळता येण्यासारखे होते काय, आणि वस्तू कोणाच्या नजरेत होती, हे प्रश्न त्यांनी आधी विचारले. या प्रश्नांची उत्तरे पुराव्याशिवाय मिळत नाहीत.

लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे

पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल्-बकरा, २:२८२) उपासनेविषयी नसून व्यवहाराच्या लिखापढीविषयी आहे. ठराविक मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करावी, साक्षीदार ठेवावेत, व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. असे करणे अल्लाहपाशी अधिक न्यायाचे आहे, साक्षीला बळ देणारे आहे आणि मनात शंका राहू नये यासाठी अधिक उपयुक्त आहे, असे कारणही तेथेच दिले आहे. हा आदेश ज्यांना दिला तेही ईमानधारकच होते. एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिण्यास सांगितले आहे. कारण विश्वास असला तरी माणूस विसरतो, आणि मन आपल्या सोयीचे तेवढेच लक्षात ठेवते.

याच आयतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्याच्यावर देणे आहे त्यानेच मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये, असे म्हटले आहे. हे तत्त्व कारागिराच्या कामाला लावून पाहा. वस्तूत आधीपासून काय बिघाड आहे हे ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. आपण कोणते काम किती दिवसांत आणि किती पैशांत करून देणार, हे कारागिराने स्वतः सांगावे. प्रत्येकाने आपल्यावर येणारी बाजू स्वतः मांडली तर पुढे वादाला फारसे काही उरत नाही.

साक्ष मागणे हा अपमान नव्हे, याचे उदाहरण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात येते की, प्रेषितांनी (स.) एका ग्रामीण अरबाकडून घोडा खरेदी केला. पुढे तो माणूस विक्रीच नाकारू लागला आणि त्याने साक्षीदार मागितला. प्रेषितांनी (स.) त्याला दटावून गप्प बसवले नाही. खुजैमा बिन साबित (रजि.) पुढे आले आणि त्यांनी साक्ष दिली. ज्यांच्या सत्यवचनीपणाची ग्वाही शत्रूही देत, त्यांच्याकडेही साक्षीदार मागितला गेला आणि त्यांनी राग मानला नाही. मग कोणा ग्राहकाने आपल्याकडून पावती मागितली, किंवा आपण त्याच्याकडून सही घेतली, तर त्यात कोणाची अब्रू जाते?

लिहून न ठेवल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण हनफी फिकहमध्येच आहे. 'हिदाया' हा ग्रंथ लिहिणारे इमाम मरगीनानी (रह.) इ.स. ११९७ मध्ये निवर्तले. त्या ग्रंथात शिंपी आणि रंगारी यांचे वाद आले आहेत. कापडाचा मालक म्हणतो, मी अंगरखा शिवावयास सांगितला होता. शिंपी म्हणतो, आपण सदरा सांगितला होता. किंवा मालक म्हणतो लाल रंग सांगितला होता, आणि रंगारी म्हणतो पिवळा. दोघांपैकी कोणाकडेही पुरावा नाही. हनफी मत असे की, शपथेवर मालकाचा शब्द मान्य होईल. कारण कापडाला हात लावण्याची परवानगी त्याच्याकडूनच मिळाली होती, आणि ती कशासाठी दिली हे सांगण्याचा अधिकारही त्याचाच आहे. मग मालकाची इच्छा असेल तर तो कापडाची भरपाई घेईल, नाही तर योग्य मजुरी देऊन तो कपडा ठेवून घेईल.

वाचक बंधू-भगिनींनो, या निर्णयाचा कारागिराने नीट विचार करावा. काय सांगितले होते याविषयी वाद झाला आणि पुरावा नसला, तर पारडे ग्राहकाकडे झुकते. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, या प्रसिद्ध नियमाच्या हे विरुद्ध नाही. "मला असे करण्याची परवानगी होती" हाही एक दावाच आहे, आणि तो कारागीर करीत असतो. म्हणून ऑर्डरच्या वहीत माप, रंग, नमुना आणि तारीख लिहून ग्राहकाची सही घेणारा शिंपी, शरीअत ज्या ठिकाणी त्याच्याकडे पुरावा मागणार आहे, त्याच ठिकाणी तो तयार ठेवीत असतो.

अल्लाहवर भरवसा ठेवावयाचा, मग एवढी खबरदारी कशाला, असे काही भले लोक म्हणतात. तिर्मिजी यांच्या संग्रहातील हदीस सर्वांना ठाऊक आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधावयास आणि मग भरवसा ठेवावयास सांगितले. कामाची नोंद ठेवणे हे कारागिराचे उंट बांधणे होय.

रक्षण कसे करावे

रक्षणाचे बहुतेक काम हत्यार हाती घेण्यापूर्वीच होते. वस्तू ताब्यात घेताना ती उजेडात ग्राहकाच्या देखत पाहावी. "चाचा, हा ओरखडा आधीचाच आहे ना?" असे आदबीने विचारणे आणि त्यांच्या होकारासह फोटो काढून त्यांच्याच वॉट्सॲपवर पाठवणे, याला दोन मिनिटे पुरतात. गॅरेजवाल्याने जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा, टाकीतील इंधन आणि गाडीवरील खुणा लिहाव्यात. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने तो ग्राहकासमोर उघडावा. पुष्कळ मोबाईलमध्ये आत एक लहानशी पट्टी असते आणि पाणी लागल्यास तिचा रंग बदलतो. ती पट्टी ग्राहकाला तेथेच दाखवली तर पुढचा वाद तेथेच मिटतो. रंगाऱ्याने भिंतीतील ओल आधी दाखवावी, आणि ओल बंद केल्याशिवाय रंग टिकणार नाही हे लिहून द्यावे. तरीही ग्राहकाने रंगच हवा असे म्हटले, तर तेही लिहून घ्यावे.

काम चालू असताना नवीन बिघाड दिसला तर काम थांबवून कळवावे. न विचारता पुढे जाणाऱ्या कारागिराची हिंमत एरवी प्रशंसेस पात्र असेल, पण नुकसान झाल्यावर तिचा बचाव होत नाही. ज्याला वैद्यकीचे ज्ञान नसताना तो उपचार करतो, तो नुकसानीस जबाबदार आहे, असे हदीसमध्ये आले आहे. फकीहांनी दुसरी बाजूही सांगितली. रक्त काढणाऱ्याने किंवा जनावरांच्या वैद्याने रीतीप्रमाणे योग्य जागेची मर्यादा ओलांडली नसेल, तर वाईट परिणामाची भरपाई त्याच्यावर नाही. हेच माप आपल्या हत्याराला लावावे. आपल्या शिक्षणाबाहेरचे यंत्र "बघू या उघडून" म्हणून उघडणे ही मर्यादा ओलांडणेच होय. जे काम येते ते रीतीप्रमाणे करणे, आणि जे येत नाही ते नम्रपणे नाकारणे, यापेक्षा मोठे संरक्षण नाही.

काम संपल्यावर वस्तू चालवून दाखवावी, काढलेले जुने सुटे भाग परत द्यावेत, आणि ग्राहकाने पाहून घेतल्याची नोंद पावतीवर घ्यावी. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. म्हणून या नोंदी निदान तेवढा काळ जपून ठेवाव्यात.

मात्र पुराव्याच्या नावाखाली कोणाच्या घराची अब्रू उघडी पडू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, हा सूरह अन्-नूरचा (२४:२७) आदेश कॅमेऱ्यालाही लागू आहे असे समजावे. फोटो फक्त कामाच्या जागेचा घ्यावा, विचारून घ्यावा, आणि घरातील माणसे त्यात येणार नाहीत याची काळजी घ्यावी. घरी केवळ महिला असतील तर सोबत दुसरा कारागीर न्यावा, किंवा घरातील कोणी वडीलधारे येईपर्यंत काम पुढे ढकलावे. यात मर्यादाही राखली जाते, आणि खोट्या आळापासून दोन्ही बाजूंचे रक्षणही होते.

जे रक्षण नव्हे

काही दुकानांत ठळक पाटी असते की, कोणत्याही नुकसानीस दुकानदार जबाबदार नाही. ही पाटी म्हणजे आपले रक्षण, असे अनेकांना वाटते. पण स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी आधीच झटकून टाकावयाची आणि त्याला अट म्हणावयाचे, हे अमानतीच्या अर्थालाच छेद देणारे आहे. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, परंतु हरामला हलाल करणारी अट त्यात येत नाही, असा हदीसचा आशय आहे. जोखीम आधी समजावून सांगणे आणि ती ग्राहकाने समजून स्वीकारणे, ही प्रामाणिक अट होय. "काहीही झाले तरी आमचा संबंध नाही" हे म्हणणे त्यात बसत नाही.

हुनैनच्या मोहिमेपूर्वी प्रेषितांनी (स.) सफवान बिन उमय्या यांच्याकडून चिलखते मागून घेतली. तेव्हा ते मुसलमान झालेले नव्हते. हे बळजबरीने घेता काय, असे त्यांनी स्पष्ट विचारले. बळजबरी नव्हे, परतीची हमी असलेली उसनवारी आहे, असे उत्तर मिळाले. पुढे त्यातील काही चिलखते हरवली तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः भरपाई देऊ केली. तोवर सफवान (रजि.) यांचे हृदय इस्लामकडे वळले होते आणि त्यांनी ती घेतली नाही. विजयी सेनापतीला तेथे कोणीही जाब विचारला नसता. तरीही हमी पाळली गेली.

भरपाई किती द्यावी, याचाही धडा प्रेषितांच्या (स.) घरातच मिळतो. एका पत्नीच्या हातून दुसरीने पाठवलेले भांडे फुटले. प्रेषितांनी (स.) त्या बदल्यात एक धड भांडे परत पाठवले आणि फुटलेले घरात ठेवले. एका भांड्याच्या जागी एकच भांडे गेले. त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. आज एका टाइलला तडा गेला तर संपूर्ण फरशी मागितली जाते, आणि दहा वर्षे वापरलेल्या यंत्राच्या बदल्यात नव्या यंत्राची किंमत मागितली जाते. झाले तेवढेच नुकसान भरून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर मागितलेले प्रत्येक नाणे दुसऱ्याच्या मजुरीतून उचललेले असते.

इमाम अबू हनीफा (रह.) हे स्वतः कूफ्यातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे की, त्यांच्या भागीदाराकडून एक सदोष कापड दोष न सांगता विकले गेले. हे समजताच त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. ग्राहकाला तो दोष दिसला नव्हता आणि कोणताही दावा आला नव्हता. ज्या कारागिराला आपली नोंदवही अशा प्रसंगी स्वतःविरुद्धही वाचता येते, त्याचीच नोंद ग्राहकाविरुद्ध विश्वासार्ह ठरते.

ग्राहकालाही अल्लाहपुढे उभे राहावयाचे आहे

आपण सर्वजण कधी ना कधी ग्राहक असतोच. म्हणून हे दुसऱ्या कोणाविषयी लिहिले आहे असे समजू नये. आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, प्रेषित (स.) म्हणाले, आपण मनुष्य आहोत आणि लोक आपल्याकडे वाद घेऊन येतात. एखादा बोलण्यात अधिक चतुर असतो आणि ऐकलेल्यावरून निकाल त्याच्या बाजूने जातो. तसा दुसऱ्याचा हक्क ज्याला मिळाला, त्याने तो घेऊ नये. तो आगीचा तुकडा आहे. प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही जे हलाल होत नाही, ते दमदाटीने किंवा वाईट शेरे देण्याच्या धमकीने कसे हलाल होईल?

मजुरी अडकवून ठेवणे हा खोट्या दाव्याचा सर्वांत सोपा प्रकार आहे. काम पूर्ण झाले, घाम वाळला, आणि मग एखादा दोष शोधून पैसे कापले जातात. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्यांना हा वाद नवा नाही. खरा दोष असेल तर तेवढी कपात न्याय्य आहे. परंतु बाजार पडला म्हणून कापडात दोष दिसू लागणे, हे सूरह अल्-मुतफ्फिफीनने ज्या मापात मारण्याचा धिक्कार केला आहे, त्याच जातीचे आहे. घेताना पूर्ण घेतले आणि देताना कमी केले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

वाद मिटवण्यासाठी कारागीर पुष्कळदा थोडे पैसे देऊन मोकळा होतो. तडजोड चांगलीच आहे, असे पवित्र कुरआन (४:१२८) सांगते. आरोप नाकारूनही काही रक्कम देऊन वाद संपवणे हनफी फिकहप्रमाणे जायज आहे. पण तेथे एक भेद केलेला आहे. देणाऱ्याने आपली सुटका करून घेतली, म्हणून त्याच्यावर दोष नाही. घेणाऱ्याला मात्र आपला दावा खोटा असल्याचे ठाऊक असेल, तर कागदावर तडजोड होऊनही ती रक्कम त्याच्यासाठी हलाल होत नाही. ग्राहकाने पैसे घेण्यापूर्वी हे आठवावे.

देशाच्या कायद्यातही हेच माप

येथे आपल्या देशाच्या कायद्याचाही उल्लेख करणे उपयुक्त ठरेल, कारण बहुतेक कारागिरांना त्यातील आपली बाजू ठाऊक नसते. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याविषयी भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये स्पष्ट तरतुदी आहेत. वस्तूतील जो दोष मालकाला ठाऊक आहे आणि ज्यामुळे काम करणाऱ्याला मोठा धोका होऊ शकतो, तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे (कलम १५०). सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी काम करणाऱ्याने घ्यावी (कलम १५१). तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीस तो जबाबदार नाही (कलम १५२). ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून ठरल्याप्रमाणे काम पूर्ण केले आहे, त्याला एरवी ठरले नसेल तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते (कलम १७०).

या शेवटच्या तरतुदीशी जुळणारा नियम हनफी फकीहांनी अनेक शतके आधी सांगितला होता. ज्याच्या कामाचा ठसा वस्तूवर उमटतो, जसा रंगाऱ्याचा किंवा धोब्याचा, तो मजुरीसाठी वस्तू रोखू शकतो. ज्याच्या कामाचा ठसा वस्तूवर उमटत नाही, जसा हमाल किंवा नावाडी, त्याला तो हक्क नाही. दुसरीकडे, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला सदोष सेवेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे जाण्याचा मार्ग देतो. तो हक्क खऱ्या पीडितासाठी आहे. आणि तेथेही शेवटी कागद, फोटो आणि पावतीच बोलतात.

फसवला गेलेला कारागीर

खोट्या दाव्याने होणारी पैशाची हानी भरून निघते. मनाची हानी मात्र राहून जाते. दोनदा फसवला गेलेला कारागीर तिसऱ्या ग्राहकाकडे चोर म्हणूनच पाहू लागतो. चूक स्वतःची असली तरी तो आता आधी नाकारतो, कारण कबूल केले की लोक अंगावर येतात, हे त्याने शिकून घेतलेले असते. कधी तो त्या ग्राहकाचे नाव आणि पत्ता व्यावसायिकांच्या गटात फिरवतो, आणि रागात दोन गोष्टी वाढवूनही सांगतो. ज्याच्यावर जुलूम झाला त्याला तो बोलून दाखवण्याची मुभा सूरह अन्-निसाने (४:१४८) दिली आहे. परंतु ती मुभा झाले तेवढेच सांगण्याची आहे. त्यापुढे जे जाते ते गीबत किंवा बुहतान होय. एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, हा सूरह अल्-माइदाचा (५:८) आदेश रणांगणाइतकाच दुकानाच्या गल्ल्यावरही लागू आहे. एका ग्राहकाच्या खोटेपणाचा बदला दुसऱ्याकडून घेणे हा अन्यायच आहे.

येथेच नोंद ठेवण्याचा खरा लाभ दिसतो. ज्याच्याकडे लिहिलेले आहे त्याला संशयाने जगावे लागत नाही. त्याला ओरडावे लागत नाही, प्रत्येक ग्राहकाच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधावा लागत नाही, आणि अल्लाहच्या नावाची शपथ ऊठसूट तोंडावर आणावी लागत नाही. वहीत जे आहे ते दोघांनी मिळून वाचावयाचे. त्यात ग्राहक चुकलेला दिसला तर त्याला हळुवारपणे दाखवावे, आणि आपली चूक दिसली तर वाद न घालता भरपाई द्यावी. पुराव्याने ग्राहकाचेही भले होते, कारण विसरभोळेपणाने किंवा रागाने खोटा दावा करण्याच्या पापापासून तो वाचतो. एखाद्याला जुलूम करण्यापासून रोखणे ही त्याला केलेली मदतच आहे, हेही आपल्याला प्रेषितांनी (स.) शिकवले आहे.

आपल्या घरातील जी मुले आज आयटीआयमध्ये शिकत आहेत किंवा उस्तादाच्या हाताखाली पाना धरावयास शिकत आहेत, त्यांना हत्याराबरोबर वही आणि पेनही द्यावे. काम सुरू करण्याआधी वस्तूतील दोष दाखवणे आणि काम संपल्यावर आपल्या हातून झालेला दोष सांगणे, या दोन्ही सवयी त्यांना एकत्रच लागाव्यात. पहिली सवय एकटीच लागली तर त्यातून चलाख दुकानदार घडतो. दुसरी एकटीच लागली तर भोळा मजूर घडतो, आणि त्याच्या मुलांचा घास कोणीही हिरावून घेतो. खरेदी-विक्री करणारे दोघे खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केला, तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. बरकतीचे हे वचन दोघांना मिळून दिलेले आहे.

अल्लाह आपल्या कारागीर बांधवांच्या हातांत कौशल्य आणि अमानतदारी देवो, त्यांच्या हलाल मजुरीचे रक्षण करो, आणि ग्राहक म्हणून आपणा सर्वांना दुसऱ्याचा हक्क मारण्यापासून दूर ठेवो. आमीन.